बोंबलाच्या पोटात सुकट

परभणीच्या आठवडी बाजारात वाळल्या मासळीचं एखादं दुकान बघा. एका पोत्यावर कडक झालेले बोंबील, शेजारी सुकटीचा ढीग, आणि मावशी दोन्ही एकाच तराजूत तोलते. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, कोळंबीसारखाच पण अगदी बारीक जीव, आणि जवळा हेच बोंबलाचं आवडतं खाणं. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर खाणारा आणि त्याचा घास असे शेजारी पडलेले असतात. आपण भाकरीबरोबर दोघांनाही संपवतो, ते वेगळं.

बोंबलाचं शास्त्रीय वर्णन जुनं आहे. फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात ते १८२२ साली केलं. पण तेव्हा प्रश्न ‘हा मासा कोणता’ एवढाच होता. ‘हा खातो काय’ हे पोटं फाडून, मोजून पाहण्याची शिस्त बरीच उशिरा आली. इंग्लंडच्या ॲलिस्टर हार्डीनं १९२४ मध्ये उत्तर समुद्रातल्या हेरिंगच्या खाण्याचा तक्ता मांडला. बोटभरही नसलेलं पिल्लू सूक्ष्म जीव टिपतं, मोठा झालेला मासा लहान मासेही गिळतो. एकच जात, पण वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर ताट वेगळं.

आपल्याकडे १९४७ साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था सुरू झाली आणि अशा कामाला घर मिळालं. बोंबलावरचा एस. व्ही. बापट यांचा सविस्तर अहवाल १९७० चा. बोंबील हा हावरा प्राणी. अंग इतकं पाणीदार की हातात लिबलिबतं, पण जबडा रुंद आणि दात आत वळलेले, म्हणजे धरलेलं सुटत नाही. कोळणी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकतात, ते याच जबड्यांच्या जोरावर. लहान असताना जवळ्यावर भागतं. तोंड वाढलं की कोळंबी, छोटे मासे, आणि प्रसंगी स्वतःच्याच जातीची पिल्लंसुद्धा.

नुसतं मोजून भागत नाही, हेही हळूहळू कळलं. एका पोटात शंभर जवळे आणि एक मासा निघाला, तर मोठं कोण? १९६१ मध्ये नटराजन आणि झिंगरन यांनी खाद्याचं आकारमान आणि ते किती पोटांत सापडलं, या दोन्हींचा गुणाकार करून क्रम लावायची पद्धत दिली. मराठवाड्यातले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी जायकवाडीच्या रोहूवर आजही हेच गणित करतात. रोहूचं उलटंच आहे म्हणा: पिल्लू पाण्यातले बारीक प्राणी खातं, मोठा झाला की शाकाहाराकडे वळतो.

ऋतूचा हिशोब मात्र जास्त अवघड. केरळच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यांमुळे खोल पाणी वर येतं, खत घातल्यासारखं शेवाळ फुलतं आणि तारली हा मासा त्यावर तुटून पडतो. बोंबलाचा ऋतू भक्ष्यावर चालतो: जवळा ज्या महिन्यात दाट, त्या महिन्यात पोटात तोच. पण राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ऐन पावसाळ्यातली पोटं हाती येतातच कमी. त्यात बोंबील सापडतो डोल जाळ्यात, म्हणजे प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, आणि भरती-ओहोटीच्या ओढीनं त्याच पिशवीत जवळाही येतो. मग पोटातला जवळा समुद्रात खाल्लेला की जाळ्यात अडकल्यावर गिळलेला? तक्ते वाचताना मी पहिली शंका तीच घेतो.