रन (इंग्रजी शब्द)

रन : रोजच्या वापरातले इंग्रजी क्रियापद व नाम. शाळेत त्याचा एकच अर्थ पाठ होतो, ‘धावणे’. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीचे काम चालू असताना पीटर गिलिव्हर या संपादकाने हा एकच शब्द हाती घेतला, त्यात सुमारे नऊ महिने गेले आणि नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. ही गोष्ट २०११ ची. त्याआधी, म्हणजे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता, त्याचे क्रियापदाचे अर्थ ४३० च्या आसपास.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाची ‘रिनन’ आणि वर्णांची अदलाबदल होऊन झालेली ‘इर्नन’ अशी रूपे होती. त्यांत धावणे आणि वाहणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत. जर्मनने त्यांची वाटणी केली : ‘रेनेन’ म्हणजे धावणे, ‘रिनेन’ म्हणजे वाहणे. इंग्रजीने ती केली नाही. म्हणून इंग्रजीत नदी, नळ आणि सर्दी झालेल्या पोराचे नाक हे सगळे ‘रन’ होते, आणि त्यात अलंकार काही नाही, तो मूळचाच अर्थ आहे. नव्या कपड्याच्या पट्टीवर रंग ‘रन’ होण्याची सूचना असते तीही याच घरातली. आपल्याकडे रंग जातो. आणि लाल ओढणीबरोबर पांढरा शर्ट भिजत घातला असेल, तर तो लागतो.

अर्थांची खरी गर्दी झाली ती यंत्रे आल्यावर. गिरणी, इंजिन, घड्याळ, पुढे मोटार आणि संगणकातला प्रोग्रॅम, सगळ्यांना इंग्रजीने ‘रन’ करायला लावले. मराठीने मात्र यंत्राला पळवले नाही. आपले घड्याळ चालते, गिरणी चालते, दुकान चालते, सिनेमा चालतो, संसारही कसाबसा चालतो. तेव्हा ‘रन’ला मराठीत सर्वांत जवळचा शब्द सांगायचा तर तो ‘धावणे’ नव्हे, ‘चालणे’; सकर्मक असेल तिथे ‘चालवणे’. कोशांत हा अर्थ असतो, पण बराच खाली, धावण्याच्या मागे. अपवाद रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी ‘धावली’ असेच आपण लिहितो, आणि लोकल आजही वर्तमानपत्रात ‘उशिराने धावत’ असतात. फलाटावर उभा असलेला माणूस मात्र ‘गाड्या लेट चालल्यात’ एवढेच म्हणतो.

पायांनी करण्याच्या क्रियेपुरतेही मराठीत एका शब्दावर भागत नाही. धावण्याला बहुधा कुणाची तरी ओढ असते, पळण्याला भीती. देव भक्तासाठी धावतो, चोर पळतो. शेजारी मदतीला धावून येतो, पळून येत नाही. शर्यतीत दोन्ही चालतात. ‘पळवणे’ केले की प्रकरण थेट अपहरणावर जाते. इंग्रजीत हा फरक क्रियापदात नसतो, तो मागे लागणाऱ्या शब्दावर सोपवलेला असतो. ‘रन अवे’ म्हणजे पळून जाणे, ‘रन इंटू’ म्हणजे अवचित भेटणे (किंवा जाऊन आदळणे), ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणे. ‘रन आउट’ झाले म्हणजे घरात दूध संपले, नाहीतर मैदानावर फलंदाज धावचीत.

निवडणुकीतला ‘रन’ अमेरिकेचा. तिथला उमेदवार धावतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो, आणि आपला ‘उभा राहतो’. बँकेवरचा ‘रन’ म्हणजे ठेवी काढण्यासाठी उडालेली झुंबड. सप्टेंबर २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक या ब्रिटिश बँकेवर असा ‘रन’ झाला, तेव्हा धावत कुणीच नव्हते. ठेवीदार शाखांबाहेर रांगा लावून उभे होते.

क्रिकेटमध्येही तसेच. चेंडू सीमापार गेला की एक पाऊल न उचलता चार धावा मिळतात. सुरुवातीच्या काळात गुणलेखक काठीवर खाचा पाडून हिशेब ठेवत, त्यामुळे धावांना ‘नॉच’, म्हणजे खाच, असेच म्हणत. मराठीने ‘रन’साठी ‘धाव’ हा सरळ प्रतिशब्द घेतला. ‘धावचीत’मध्ये मात्र कुस्तीच्या आखाड्यातला ‘चीत’ आणून बसवला. क्रिकेटच्या मराठी परिभाषेतला हा सर्वांत झकास शब्द म्हणायला हरकत नाही. गल्लीतली पोरे अर्थात ‘रन्स’च मोजतात.

इंग्रजीतल्या समानार्थी शब्दांपैकी ‘स्प्रिंट’ हा थोड्या अंतराचा जीव तोडून केलेला वेग, ‘जॉग’ सकाळची संथ दुडकी, ‘बोल्ट’ बिथरलेल्या घोड्याचे उधळणे. चालवण्याच्या अर्थी ‘ऑपरेट’, ‘मॅनेज’, ‘फंक्शन’ आहेत. ते लॅटिन कुळातले, कागदोपत्री शोभणारे. हॉटेलवाला स्वतः आपले हॉटेल ‘रन’ करतो, ‘ऑपरेट’ करते ती कंपनी.

मराठीत ‘रन’पेक्षा ‘रनिंग’ अधिक रुळला आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे ‘रनिंगला’ जातात; मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जुनी मोटार घेताना पहिला प्रश्न ‘रनिंग किती झालंय?’ असतो. सुतार तर स्वयंपाकघरातल्या कपाटाचा दर ‘रनिंग फुटा’वर सांगतो. म्हणजे भिंतीलगतची नुसती लांबी मोजायची, उंची-खोली दरातच धरलेली. हा दर चौरस फुटाचा समजून जो हो म्हणतो, त्याचा हिशेब बिल हातात आल्यावर चुकतो.