जंतूंवर औषध लागू पडलं, तरी रुग्ण का खालावतो?

अँटिबायोटिक सुरू आहे, रिपोर्टप्रमाणे ते त्या जंतूवर चालतंयही, मग किडनी का बंद पडली? पुण्यात आयसीयूबाहेर ताटकळणारे नातेवाईक हे विचारतात, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. याचं उत्तर सेप्सिसमध्ये आहे, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागतात त्या अवस्थेत. सेप्सिसमध्ये सगळं नुकसान जंतू करत नाहीत. त्यांच्याशी लढताना शरीराच्या प्रतिकाराचं ताळतंत्र सुटतं आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं. २०१६ पासून सेप्सिसची व्याख्याच तशी केली जाते.

सुरुवात न्यूमोनियातून होते, लघवीच्या संसर्गातून होते, मधुमेहींच्या पायाच्या जखमेतूनही होते. प्रतिकारशक्तीची रसायनं रक्तभर पसरली की रक्तवाहिन्या सैलावतात, बारीक वाहिन्यांतून पाणी झिरपतं, आत सूक्ष्म गुठळ्या धरतात. अंगावर सूज, पण रक्तवाहिन्यांत पाणी कमी! सलाईन जास्त झालं तर ते फुप्फुसात साचतं, कमी पडलं तर मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही. बीपी सावरलं नाही तर रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन पंपावर लावतात. अशा वेळी डॉक्टर रुग्णाच्या बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडतात आणि बघतात, पांढरं पडलेलं बोट तीन सेकंदांत पुन्हा लाल होतं का? लाखोंच्या यंत्रांशेजारी ही तपासणी आजही उपयोगी ठरते.

सेप्सिस पक्का सांगणारी एकच एक चाचणी नाही. ब्लड कल्चरला, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायला, एक ते तीन दिवस लागतात, आणि शॉकमधल्या, म्हणजे बीपी धोकादायक घसरलेल्या, रुग्णाला अँटिबायोटिक तासाभरात हवं. म्हणजे पहिला डोस अंदाजानंच. तो अंदाज आता वारंवार चुकतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन बनू लागलं, तेव्हा किती आशा होती! आज आपल्या आयसीयूंत कार्बापेनेमसारख्या राखीव अँटिबायोटिकलाही दाद न देणारे क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जंतू आहेत. सर्दीसाठी मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणणं मला म्हणूनच गंभीर वाटतं.

बिघडलेल्या प्रतिकारालाच आवर घालणारं औषध? अमेरिकेत २००१ मध्ये एकाला मंजुरी मिळाली होती. फायदा सिद्ध होईना, म्हणून २०११ मध्ये ते मागे घेतलं गेलं. शॉकमध्ये स्टेरॉइडचा थोडा आधार मिळतो, एवढंच. एका अंदाजानुसार २०१७ साली जगात सुमारे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि १.१ कोटी दगावले.

तापातला माणूस असंबद्ध बोलू लागला, धापा टाकू लागला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. १०८ ला फोन करा. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतानाही हे होतं; आजी दिवसभर नुसत्या झोपून आहेत, हीसुद्धा खूण असू शकते. निघताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. कल्चरमध्ये जंतू उगवले नाहीत, तर त्याचं कारण कधीकधी त्या गोळ्यांतल्या अँटिबायोटिकमध्येच सापडतं.