गाजर, चष्मा आणि युद्धातली एक थाप

थंडीत इंदूरच्या मराठी घरांत गाजरं किसायला घेतली की पोरांना हमखास ऐकावं लागतं, 'गाजर खा, चष्मा लागणार नाही.' लागायचा असेल तर लागतोच. नंबर मुख्यतः डोळ्याच्या गोळ्याच्या ठेवणीवर ठरतो, त्याला गाजर काय करणार!

खरं इतकंच, की गाजरातून शरीराला अ जीवनसत्त्व मिळतं. त्याच्या अभावी आलेला रातांधळेपणा त्याने सुधारू शकतो. अभाव नसेल, तर किलोभर गाजरांनीही नजर तसूभर वाढत नाही.

या समजाला खतपाणी घातलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनने. नोव्हेंबर १९४० मध्ये जॉन कनिंगहॅम या वैमानिकाने मिट्ट काळोखात जर्मन बॉम्बर पाडलं. करामत विमानात बसवलेल्या रडारची. पण ते गुपित, छापायची सोय नाही. मग वर्तमानपत्रांतून झळकला 'मांजरडोळ्या' कनिंगहॅम आणि त्याचं गाजरप्रेम.

अन्न खात्याच्याही ते पथ्यावरच पडलं. साखर रेशनवर, गाजरं मात्र मुबलक. मग जाहिरातींत 'डॉक्टर कॅरट' अवतरला: डोक्यावर टोपी, हातात 'अ जीवनसत्त्व' लिहिलेली बॅग. ब्लॅकआउटमध्ये दिसायला गाजर मदत करतं, असं तर एका पोस्टरवर चक्क छापलं होतं.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर याला शेपूटही फुटलंय: जर्मन म्हणे या थापेला फसले. तसा ठोस पुरावा नाही, आणि रडार तर त्यांच्याकडेही होतं.