गेमची सेटिंग फाइल सेव्ह होत नाही? पीसी उचलून आणण्याआधी हे वाचा

सुट्टी लागली की आमच्या काउंटरवर हमखास येणारी तक्रार: "फाइलमध्ये बदल केला, पण सेव्हच होत नाही." नाहीतर, "काल केलेला बदल आज गायब!" बहुतेक वेळा पीसी धडधाकट असतो. अशा कामाचे पैसे घ्यायला आम्हालाच जड जातं, म्हणून हा कागद.

आधी गेम बंद करा
मिनिमाइज नव्हे, पूर्ण बंद. बरेच गेम सुरू होताना फाइल वाचतात आणि बंद होताना ती नव्याने लिहितात. मधल्या वेळात तुम्ही केलेला बदल त्यात पुसला जातो. काउंटर-स्ट्राइक १.६ या गेममधली 'कॉन्फिग.सीएफजी' ही सेटिंग फाइल अशीच. म्हणून मुरलेले खेळाडू आपल्या सेटिंग 'ऑटोएक्झेक.सीएफजी' या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. ती गेम फक्त वाचतो.

'परवानगी नाही' असा मेसेज आला तर
गेम 'प्रोग्राम फाइल्स' या विंडोजच्या राखीव फोल्डरमध्ये असेल, तर तिथे साध्या नोटपॅडला लिहू दिलं जात नाही. फाइल डेस्कटॉपवर कॉपी करा, तिथे बदला आणि परत जागेवर टाका. विंडोज विचारेल तेव्हा 'कंटिन्यू' दाबा. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवायला विसरू नका.

खरी गंमत जुन्या गेमची. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून अशा ३२-बिट (जुन्या धाटणीच्या) गेमने 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहायचा प्रयत्न केला, की विंडोज त्याला नाही म्हणत नाही. ती फाइल गुपचूप तुमच्या 'अॅपडेटा'मधल्या 'लोकल', त्यातल्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. पुढे गेम तीच प्रत वाचतो. तुम्ही मूळ फाइल दहादा बदला, गेमला पत्ताच नसतो! म्हणून बदल त्या प्रतीतच करा. 'अॅपडेटा' लपवलेलं असतं, त्यामुळे आधी एक्सप्लोररच्या (फाइल-फोल्डर दाखवणाऱ्या खिडकीच्या) 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा.

नाव नीट पाहा
नोटपॅड कधी शेवटी '.टीएक्सटी' चिकटवतं आणि 'सेटिंग्ज.आयएनआय'ची 'सेटिंग्ज.आयएनआय.टीएक्सटी' होते. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू केलं की चोर सापडतो.

फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रीड-ओन्ली'ची टिक आहे का, तेही बघा. काही जण गेमने फाइल बदलू नये म्हणून ती मुद्दाम लावतात आणि मग स्वतःच विसरतात.

फाइल 'डॉक्युमेंट्स'मध्ये असेल तर
स्कायरिम या गेमच्या फाइल इथे, 'माय गेम्स'मध्ये असतात. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर 'डॉक्युमेंट्स' दोन ठिकाणी दिसू शकतं. चुकीच्या ठिकाणची फाइल बदलत नाही ना, ते तपासा. गेम स्टीमवरून घेतलेला असेल, तर स्टीम क्लाउड (त्याची ऑनलाइन साठवण) कधी जुनी फाइल परत आणतं. स्टीममधल्या त्या गेमच्या 'प्रॉपर्टीज'मधून ते तात्पुरतं बंद करता येतं. आणि विंडोज सिक्युरिटीच्या 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधलं 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' चालू असेल, तर गेमलाच इथे लिहिता येत नाही. तिथे फक्त त्या गेमला परवानगी द्या.

एक विनंती. व्हिडिओ पाहून अँटीव्हायरस बंद करणं किंवा अख्ख्या सी ड्राइव्हला 'फुल कंट्रोल' देणं, हे करू नका. गेमची एक ओळ बदलायला घराचे सगळे दरवाजे काढून ठेवायचे नसतात.

एवढं करूनही अडलं, तर मेसेजचा मोबाइलवर फोटो काढा, फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते लिहून घ्या आणि दुकानात या. पीसी आणायचाच झाला तर फक्त कॅबिनेट आणा. मॉनिटर आमच्याकडे आहे.