वासोट्याची पायवाट
वासोटा ऊर्फ व्याघ्रगड या सातारा जिल्ह्यातील वनदुर्गावर चढणारी, कोयना अभयारण्यातील जंगलवाट. साताऱ्याहून कासमार्गे बामणोली, तिथून शिवसागर जलाशयातून लाँचने मेट इंदवली आणि पुढे पायी, असा हिचा क्रम. पावसाळ्यात ती बंद असते. एरवीही वनखात्याची परवानगी लागते, संध्याकाळच्या आत परतावे लागते आणि गडावर मुक्काम करता येत नाही.

ही चढण ज्वालामुखीने रचलेल्या डोंगरावरची आहे. ज्वालामुखी म्हटले की निमुळता शंकू आणि माथ्यावरचे विवर आठवते. ते इथे शोधू नये. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वर आला, दूरवर पसरून थिजला आणि त्यावर पुढचा लोट आला. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल विंधनविवरात (जमिनीत पाडलेल्या छिद्रात) या लाव्हाच्या थरांची एकूण जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरली. त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागला. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळेच. टणक काळा कातळ उभा राहतो, मधले ठिसूळ थर झिजून आत जातात.

मेट इंदवलीहून निघाल्यावर ओढ्याकाठी मारुतीचे छप्पर नसलेले ठाणे लागते. पुढे दाट सदाहरित रान आहे. दुपारीही वाटेवर ऊन क्वचितच उतरते. गवा, अस्वल, सांबर, शेकरू यांचा हा मुलूख. २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडतो. चालताना पायाखालचे दगड जरूर पाहावेत. काही गुळगुळीत काळे असतात, तर काहींवर वाटाण्याएवढे पांढरे ठिपके दिसतात. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे खनिजे साचली, त्यांचे हे ठिपके.

रान संपले की कारवी आणि गवताची उघडी, छातीवरची चढण येते. मग खोदीव पायऱ्या आणि पडके दरवाजे. शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये हा गड स्वराज्यात घेतला, पुढे तो कैदखाना म्हणूनही वापरात होता. पेशवाईच्या अखेरीस ताई तेलीण या स्त्रीने तो पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध लढवला. १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या ‘जुना वासोटा’ या डोंगरावर तोफा चढवून तो जिंकला. माथ्यावर मारुती व महादेवाची देवळे, वाड्याचे चौथरे आणि पाण्याची टाकी आहेत.

या वाटेवर भूविज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची जागा म्हणजे बाबू कडा. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या या प्रचंड कड्यात लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक असे उघडे पडले आहेत की त्यांच्या सीमा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. हिवाळ्यातील स्वच्छ हवेत ते सर्वांत ठळक दिसतात. समोर जुना वासोटा, खाली थेट कोकण.

गडाजवळच्या दुसऱ्या सुळक्यात नागेश्वराची गुहा असून तिथे शिवलिंग आहे. महाशिवरात्रीला कोकणातले भाविक चोरवण्याच्या बाजूने चढून येतात.