वजनकाट्यावरचा शिकारी

अमेरिकेत शिकारी पक्षी बाळगून त्याच्यासोबत शिकारीला जायचं, तर आधी लेखी परीक्षा द्यावी लागते. तीत किमान ८० टक्के गुण हवेत. मग पक्ष्याच्या निवाऱ्याची तपासणी होते आणि जाणत्या माणसाच्या हाताखाली निदान दोन वर्षं उमेदवारी. पुष्कळांचा पहिला पक्षी म्हणजे रेड-टेल्ड हॉक, लाल शेपटीचा, साधारण किलोभर वजनाचा. तो रानातून धरायचा तोही पहिल्या वर्षातलाच. वीण करणाऱ्या प्रौढाला हात लावायचा नाही. आपल्याकडे मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातले शिकारी पक्षी पकडायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

पक्षी आला की रोजचा दिवस वजनकाट्यापासून सुरू होतो. कुत्रा कळपातला प्राणी, त्याला माणसाची मर्जी राखावीशी वाटते. या पक्ष्याला तशी ओढ नसते. त्याच्यावर ओरडलात, तर हा माणूस धोक्याचा, एवढंच तो शिकतो. म्हणून शिकवायचं साधन एकच: हातमोज्यावरचा मांसाचा तुकडा. पोट भरलेलं असेल तर तो झाडावर जाऊन बसेल, ढुंकूनही बघणार नाही. उपाशी ठेवलात तर छातीचे स्नायू झडतील आणि उडण्याचं बळच जाईल. या दोहोंमधलं ‘उडायचं वजन’ प्रत्येक पक्ष्याचं निराळं असतं. शिवाय ते रोज तेच राहत नाही. थंडी पडली की अंगाची ऊब राखण्यात जास्त अन्न खर्ची पडतं, खुराक वाढवावा लागतो. शे-सव्वाशे ग्रॅमच्या अमेरिकन केस्ट्रल या चिमुकल्या ससाण्याच्या बाबतीत तर थोड्या ग्रॅमांची चूकही जिवावर बेतते.

उपासमार पिसांवरही उमटते. पीस वाढत असताना अन्न कमी पडलं, तर त्यावर आडवी फिकी रेघ येते आणि पुढे पीस नेमकं तिथेच मोडतं. त्यावर एक जुना इलाज आहे, मला तो फार आवडतो. आधी गळलेली पिसं जपून ठेवलेली असतात. मोडक्या पिसाच्या पोकळ दांड्यात बांबूची बारीक काडी बसवून त्यावर जुनं पीस जोडतात. पूर्ण वाढलेलं पीस नखासारखं निर्जीव असतं, त्यामुळे पक्ष्याला दुखत नाही, आणि नवं पीस येईपर्यंत तो त्यावरच उडतो.

हे सगळं कशासाठी? मोकळ्या रानात, दोरीविना सोडलेला पक्षी सशावर झेपावताना काही पावलांवरून बघायला मिळतो, यासाठी. तो त्या क्षणी निघून जाऊ शकतो आणि तरीही बहुतेक वेळा परततो.

या जुन्या कसबाचं मोल एकदा साऱ्या अमेरिकेला कळलं. डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, ती उबवतानाच फुटू लागली. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला हा ससाणा वीण करणारा पक्षी म्हणून संपला होता. १९७०मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले टॉम केड यांनी बंदिवासात पैदास सुरू केली. केड स्वतः ससाणे उडवणारे होते. त्यांच्यासारख्या अनेकांनी आपले पक्षी पैदाशीसाठी दिले. पिल्लांना उंचावरच्या पेटीत ठेवून, माणूस दिसणार नाही असं खाणं पुरवत मोकळं करायची रीतही याच मंडळींची. १९७२मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि १९९९मध्ये बहिरी ससाणा धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला.

रानातल्या निम्म्याहून अधिक पिल्लांना पहिलं वर्ष पार करता येत नाही. उमेदवाराकडे आलेला पक्षी तो कठीण हिवाळा काढतो, शिकारीत तरबेज होतो. मग अनेकजण त्याला वसंतात परत सोडतात. त्याआधी काही दिवस पोटभर खाऊ घालतात. काट्यावरचा आकडा चढत जातो, हातमोज्याकडे येणं कमी होतं. शेवटी पायातल्या चामडी वाद्या कापतात.