‘भेटलं’ की ‘मिळालं’: मराठीतल्या भाषिक चिडचिडीची पार्श्वभूमी

‘मला पुस्तक भेटलं.’ ‘माझी मदत कर.’ ‘मी त्याला बोललो की येऊ नको.’ ‘चहा पिला.’ ‘पानी आन.’ यातलं एखादं वाक्य कानावर पडलं की काही मराठी माणसांच्या कपाळाला आठी पडते, आणि उरलेल्यांना त्या आठीचाच राग येतो. भांडण जुनं आहे. पण आपण एका दमात ज्या तक्रारी करतो त्या सगळ्या एका वयाच्या नाहीत. काहींचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या शाळाखात्यात आहे, काहींचं इलाख्यांच्या आणि संस्थानांच्या सरहद्दींत, आणि काही अगदी अलीकडच्या, खासगी वाहिन्यांच्या काळातल्या आहेत. अमुक बोलणं अशुद्ध का ठरलं हे पाहायला गेलं, तर व्याकरणापेक्षा नकाशाच जास्त उलगडावा लागतो.

‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण कुणी तक्रार म्हणून रचलेली नाही, ती साधी नोंद आहे. छापखाना येण्याआधी मराठीत लिहिणं भरपूर होत होतं, पण रोजचा व्यवहार मोडीत चाले. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद व्यवहारात पाळला जात नसे, एकच इकार आणि एकच उकार सगळीकडे चालून जाई. शब्द एकमेकांना चिकटून, विरामचिन्हांचा पत्ता नाही. पेशवाईतले तह, वतनांचे कज्जे, लाखोंचे हिशेब सगळं याच लिपीत लिहिलं गेलं आणि वाचणाऱ्यांना कळलं. आज ‘आणि’ मधला ‘णि’ दीर्घ दिसला की ज्यांना अपचन होतं, त्यांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातला एखादा रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, सोडून बघावा.

चित्र पालटलं ते इंग्रजी अमलात. १८०५ मध्ये विल्यम केरीचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरहून निघालं. मुंबईत १८२२ पासून शाळा आणि शालेय पुस्तकं यांची संस्था कामाला लागली. पाठ्यपुस्तक छापायचं म्हणजे हजारो मुलांना एकच रूप शिकवायचं, मग ते कुठलं, हे कुणीतरी ठरवणं आलंच. १८२९ मध्ये शास्त्र्यांनी तयार केलेला मराठी-मराठी कोश आला, १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण. मोल्सवर्थचा सहकारी टॉमस कँडी पुढे अनेक वर्षं सरकारी मराठी पुस्तकांवर नजर ठेवून होता. मराठीतली विरामचिन्हंही मुख्यतः त्याच्यामुळे रुळली. या सगळ्या कामात इंग्रज अधिकाऱ्यांच्या शेजारी बसलेले पंडित बहुतेक पुण्या-कोकणाकडचे, संस्कृत शिकलेले ब्राह्मण होते. त्यांनी डाव रचला वगैरे म्हणायचं कारण नाही. माणूस आपल्या घरातली भाषा शुद्ध धरून चालतो, तसंच त्यांनी केलं. फरक इतकाच की त्यांच्या घरातली भाषा छापली गेली.

तिचा हत्यार म्हणून वापर मात्र लवकरच सुरू झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ काढली. मराठी गद्याला त्यांनी दिलेला डौल कुणी नाकारू नये. पण याच निबंधमालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी फुल्यांच्या व्याकरणाचीही टर उडवली. जातिव्यवस्थेबद्दल समोरचा काय म्हणतो यापेक्षा तो विभक्ती कशा लावतो यावर हसणं सोपं असतं. फुल्यांना त्याची फिकीर नव्हती. १८८५ मध्ये ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण आलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते सरळ नाकारलं. समोरच्याचा मुद्दा सोडून त्याच्या शुद्धलेखनावर घसरण्याची सवय मराठी वादांत तेव्हापासून मुरलेली आहे.

या चिडचिडीत सगळ्यात जास्त दुखावणारी गोष्ट ‘न’ आणि ‘ण’ची. ‘आनि’, ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्याला शाळेत उभं करून तोच शब्द पुन्हा म्हणायला लावणं, मग वर्गाने खिदळणं, हे कित्येकांनी भोगलं आहे. इथे इतिहास मात्र भलताच गमतीदार आहे. ‘पाणी’ आलं संस्कृत ‘पानीय’पासून, आणि त्यात ‘न’ आहे. ‘लोणी’ आलं ‘नवनीत’पासून, तिथेही ‘न’च. मग ‘ण’ कुठून आला? तो आणला प्राकृताने. महाराष्ट्री प्राकृतात ‘न’चा सर्रास ‘ण’ होई, शब्दाच्या सुरुवातीलाही. ‘नगर’चं ‘णअर’ होई. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात तसा नियमच आहे, ‘न’च्या जागी सर्वत्र ‘ण’. म्हणजे संस्कृतच्या चष्म्यातून पाहिलं तर ‘पाणी’ हाच बिघडलेला उच्चार. पुढे प्रमाण मराठीने शब्दाच्या आरंभीचा ‘ण’ टाकला आणि मधला ठेवला. कित्येक बोलींनी मधलाही सोडून दिला. दोन्ही वाटा सारख्याच नियमबद्ध आहेत. एक वाट पाठ्यपुस्तकातून गेली, दुसरी गेली नाही, आणि ती कुणाच्या वस्त्यांतून जात होती हे सगळ्यांना माहीत होतं. ‘न’ला हसणं हे उच्चाराला हसणं फार थोडं असतं, जात ओळखून घेणं जास्त.

वाक्यरचनेकडे वळलं की नकाशा लागतो. आत्ता चालू असलेली क्रिया सांगायला पुणेकर ‘मी जेवतोय’ म्हणतो. नागपूरकर ‘मी जेवून राहिलो’ म्हणतो. मराठवाड्यात आणि दक्षिणेकडे ‘जेवायलोय’, ‘जेवालोय’ अशा जातीची रूपं ऐकू येतात, ती ‘जेवू लागलो’ झिजत झिजत आलेली दिसतात. यातलं ‘जेवून राहिलो’ पुण्या-मुंबईत हमखास हशा पिकवतं. पण नागपूर मुंबई इलाख्यात कधी नव्हतंच. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, आणि १९५६ पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी अशा दुभाषी राज्याची राजधानी होती. शेजारी हिंदीत ‘खा रहा हूँ’ आहे, तर मराठीने ‘राहणे’ या स्वतःच्याच क्रियापदाला त्या कामाला जुंपलं. ‘केले जाते’ऐवजी ‘केल्या जाते’ ही छापील रचनाही तिकडचीच, आणि ती तिकडे चांगल्या शिकलेल्या माणसांच्या लेखणीतून उतरते. तिला खेडवळ म्हणणाऱ्याला विदर्भातली वर्तमानपत्रं माहीत नाहीत.

मराठवाड्याची गोष्ट आणखी वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. कँडीच्या आणि चिपळूणकरांच्या मराठीत घडलेल्या पिढ्या तिकडे झाल्याच नाहीत. १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडले गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९६७ मध्ये पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे बालभारती सुरू झाली. दोन-चार पिढ्या वेगवेगळ्या दरबारांत वाढलेल्या बोली अकरा वर्षांत एका पुस्तकापुढे येऊन बसल्या, आणि त्यातल्या बऱ्याच एका रात्रीत चुकीच्या ठरल्या.

कोल्हापूरकडच्या मुली ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात, याचं बाहेरच्यांना फार कौतुक किंवा फार आश्चर्य. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं, बाई असो की बुवा, ‘मी जातो’चं रूप एकच. सीमेलगतच्या मराठीत हा गुण उतरला असावा, असं म्हणायला जागा आहे; ज्या भाषेकडून मराठीने ‘अण्णा’, ‘अक्का’ आणि ‘तूप’ घेतलं तिच्याकडून एक व्याकरणाची लकब घेणं काही अघटित नाही. ‘मी बाईमाणूस, मग जाते म्हणायला हवं’ ही सक्ती तिथे पोरींना शाळेतच पहिल्यांदा भेटते. (भेटते, मिळत नाही.)

लेखनातल्या चिडचिडीचं वय तर आणखी कमी. आज ‘घरांत’, ‘नांव’, ‘पांच’ असं कुणी लिहिलं तर म्हातारपणाची खूण वाटते, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हेच शुद्ध होतं. उच्चारात नसलेले हे अनुस्वार काढून टाकावेत, अशी सूचना साने, गोडबोले आणि हातवळणे यांनी शतकाच्या उंबरठ्यावर केली होती. टिळकांनी ‘केसरी’तून तिला विरोध केला. अनुस्वार शब्दाची व्युत्पत्ती आणि विभक्ती सांगतो, तो काढला तर खूणच जाते, असा विरोधकांचा युक्तिवाद. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. अखेर १९६१ मध्ये स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम ठरवले, शासनाने ते स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. टिंबं गेली. ‘रहाणे’, ‘पहाणे’ जाऊन ‘राहणे’, ‘पाहणे’ आलं. गावांच्या नावातलं ‘पूर’ दीर्घ झालं. आजीच्या पत्रातली अक्षरं नातवाला चुकांनी भरलेली वाटू लागली, आणि नातवाची आजीला. नियम हवेतच, छपाईला आणि शाळेला त्यांच्याशिवाय गत्यंतर नाही. पण मुळात ते एका समितीने बहुमताने केलेले ठराव आहेत. त्यांच्यासाठी समोरच्याला अडाणी ठरवणारे लोक बहुधा हे अठरा नियम एकदाही सलग वाचलेले नसतात.

परक्या शब्दांची चीड याहून जुनी. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७७च्या सुमारास, रघुनाथपंतांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणं हा त्याचा हेतू. पण पुढच्या शतकातली पेशवाईची कागदपत्रं उघडली तर फारसी शब्द जागच्या जागी आहेत. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ हाती घेतली. तिने दिलेले ‘महापौर’, ‘दिनांक’, ‘चित्रपट’, ‘दिग्दर्शक’ हे शब्द इतके रुळले की ते कुणी मुद्दाम घडवले होते हेच आठवत नाही. तरी ‘आज तारीख काय’ असं विचारणाऱ्याला ‘दिनांक’ सुचत नाही. तो शब्द अर्जावर राहिला. आणि ‘अर्ज’ स्वतः अरबी. कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांचा प्रवास या वादातला सर्वांत रंगतदार. फारसीचे प्राध्यापक, १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश करणारे, कवितेत फारसी शब्दांची लयलूट करणारे हे गृहस्थ पुढे भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले. महाराष्ट्र राज्य आल्यावर १९६२च्या पदनाम कोशाने सरकारी हुद्द्यांना संस्कृत नावं दिली. अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं. आज आपण ‘जिल्हाधिकारी’ सहज म्हणतो, आणि बोलताना ‘कलेक्टर’ही तितक्याच सहज म्हणतो.

या पार्श्वभूमीवर हल्लीच्या तक्रारी पाहायला हव्यात. ‘खूप सारं प्रेम’, ‘जेवण बनवणे’, ‘सीमित काळासाठी’, ‘माझी मदत कर’ ही हिंदीची सावली आहे, त्यात शंका नाही. १९९९ पासून खासगी मराठी वाहिन्या आल्या, हिंदीत लिहिलेल्या जाहिराती घाईघाईने मराठीत उतरू लागल्या, आणि ‘स्वयंपाक करणे’ हळूहळू मागे पडू लागलं. इथे मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूला आहे. ‘करून राहिलो’मागे पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे, ‘खूप सारं’मागे दुपारी पाचच्या आत मजकूर देण्याची घाई आहे. (‘मदत’ शब्दच अरबी, हे मात्र ‘माझी मदत’वर रागावताना लक्षात असू द्यावं.) ‘भेटलं’चं प्रकरण इतकं सरळ नाही. हिंदीत माणसाला भेटणं आणि वस्तू मिळणं दोन्हींना ‘मिलना’, म्हणून मुंबईतलं ‘भेटलं’ हिंदीच्या खात्यावर टाकता येईल. पण सातारा-सोलापूरकडच्या खेड्यांतही ‘तिथं काय भेटतंय’ विचारतात, आणि ते सगळं हिंदीने शिकवलं म्हणणं घाईचं होईल.

एक बदल मात्र फारसा गाजावाजा न होता झाला. महामंडळाच्या नियमांनी कुणाच्या बोलण्याचं हुबेहूब चित्रण करताना उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा ठेवली होती, एरवी नियमाप्रमाणे ‘केले’, ‘झाले’, ‘म्हटले’. पुढच्या काही दशकांत ‘केलं’, ‘झालं’, ‘म्हटलं’ संवादातून उठून निवेदनात आलं, मग लेखांत, मग वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत. आज ते कुणाला खटकत नाही. हा मजकूरही त्यातच लिहिला आहे. ही पुण्या-मुंबईकडच्या बोलण्यातली रूपं. मालवणी ‘माका’, वऱ्हाडी ‘मले’ आणि ‘करून राहिलो’ अजून अवतरणचिन्हांच्या आतच आहेत.